घरच्यांची सेवा शिकवणारा चर्चमधला कुटुंबवर्ग : आमच्या घराचा अनुभव

चर्चच्या कुटुंब विभागाने घेतलेला हा वर्ग आम्ही घरातल्या पाचही जणांनी शेवटपर्यंत केला. मी तो मनापासून सुचवते. एका बैठकीबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. ती पुढे सविस्तर लिहिली आहे आणि नाव नोंदवण्याआधी ती वाचावी अशी विनंती आहे. असे वर्ग थोड्याफार फरकाने अनेक चर्चमध्ये चालतात, त्यामुळे आमच्या वर्गाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमच्याकडचा वर्ग कसा पारखायचा, यासाठी हे वाचा.

आमच्या घरात मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक, शाळेत शिकणारा मुलगा आणि माझे सासरे. सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. म्हणजे सकाळी घरातून वेळेवर निघावं लागणाऱ्यांपैकी मी एक, आणि त्याच वेळेला बाबांचं सगळ्यात जास्त करावं लागतं.

‘ख्रिस्ताप्रमाणे प्रेम करा’ या विषयावरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अशा कार्यक्रमांची एक अडचण असते. घरातलं जे माणूस आधीच सगळ्यांचं करत असतं तेच पुढच्या रांगेत येऊन बसतं, वहीत टिपून घेतं आणि घरी जाऊन अजून दोन कामं अंगावर ओढून घेतं. ज्याने ऐकायला हवं तो आलेलाच नसतो. या वर्गाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी ओळखली. एकट्याने नाव नोंदवता येत नाही, कुटुंबाने यायचं, ही त्यांची अट होती. घरातला कुणी यायला तयारच नसेल तर वर्ग घेणारं जोडपं आधी त्या घरी जाऊन बसतं, बोलतं. या एका अटीसाठी मी आयोजकांना पूर्ण गुण देईन.

वर्ग आठवड्यातून एका संध्याकाळी असतो आणि दोन-अडीच महिने चालतो. आधी शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, एक उतारा वाचतात, त्यावर थोडं बोलणं होतं, मग तीन-चार कुटुंबांच्या गटांत चर्चा आणि शेवटी आठवडाभराचा गृहपाठ. वर्ग दोन विवाहित जोडपी घेतात, फादर मधे एकदा आणि शेवटच्या संध्याकाळी येतात. सोबत एक पुस्तिका मिळते. पुस्तिकेची भाषा जड आहे, मुलांना ती वाचवत नाही. अगदी लहान मुलांसाठी वेगळी सोय होती पण ती नावापुरतीच, चित्रं रंगवण्यापलीकडे त्यात फारसं काही नव्हतं.

आता खऱ्या गाभ्याकडे येते. पहिली बैठक योहानाच्या शुभवर्तमानातल्या १३व्या अध्यायावर होती. येशूने शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की त्याचं चित्र डोळ्यांसमोर तयारच असतं. वर्ग घेणाऱ्या ताईंनी आम्हाला तिसऱ्या वचनावर थांबवलं. पित्याने सगळं आपल्या हाती दिलेलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होतं, असं तिथे म्हटलं आहे. आणि लगेच चौथ्या-पाचव्या वचनांत तो भोजनावरून उठतो, अंगावरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी ओततो. ज्याच्या हाती सगळं होतं, तो उठला. नोकरांकडे असलेलं काम त्या खोलीतल्या गुरूने उचललं. आणि त्या वेळी त्याला धरून देणारा यहूदाही तिथेच होता. तो बाहेर पडतो ते पुढे, तिसाव्या वचनात.

मग ताईंनी विचारलं, “तुमच्या घरात जेवण झाल्यावर कुणाला उठावं लागत नाही?”

खोलीतल्या बऱ्याच नजरा एकाच दिशेला वळल्या. कुणी कुणाला बोललं नाही, पण उत्तर सगळ्यांना कळलं होतं. माझ्या दृष्टीने या वर्गाचं सगळं मोल या प्रश्नात आहे. सेवेचा धडा त्यांनी दमलेल्या माणसापासून सुरू केला नाही. ज्याला घरात आयतं मिळतं त्याच्यापासून सुरू केला. घरात ज्याच्या शब्दाला वजन आहे, ज्याच्या वेळेनुसार बाकीच्यांचं वेळापत्रक ठरतं, त्याने आधी कमरेला रुमाल बांधायचा. योहानाचा तो अध्याय मन लावून वाचला तर याहून वेगळा अर्थ निघत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

गृहपाठही तसाच नेमका होता. ज्याचं घरात सगळ्यात जास्त होतं त्याने दुसऱ्याचं एक रोजचं काम आठवडाभर आपल्याकडे घ्यायचं. काम असं निवडायचं की केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि राहिलं तर लगेच दिसतं. केल्याचं बोलून दाखवायचं नाही. आणि ‘हे कुठे आहे, ते कसं करू’ असं विचारत ज्याचं काम घेतलं त्यालाच पुन्हा कामाला लावायचं नाही, आधी एकदा बघून शिकून घ्यायचं.

आमच्या मुलाने न्हाणीघराची फरशी कोरडी करायचं काम घेतलं. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण पार्किन्सन्समध्ये पावलं आखूड पडतात, तोल सांभाळणं कठीण जातं, आणि ओली फरशी म्हणजे पडण्याची भीती. बाबा आंघोळीला जायच्या आधी फरशी कोरडी हवी आणि आल्यावर पुन्हा कोरडी हवी. दोन-तीन दिवसांत मुलगा स्वतःच म्हणाला की उंबरठ्याशी बाबांचे पाय थबकतात, तिथे धरायला काहीतरी हवं. ते मला आणि नवऱ्याला वेगळं सांगावं लागलं नाही, दांडा बसवला. कुणी त्याला ‘आजोबांकडे लक्ष दे’ असं सांगून हे झालं नसतं. फरशी पुसताना तो तिथे होता, म्हणून त्याला दिसलं.

नवऱ्याने बाबांचं सकाळचं आवरणं घेतलं, म्हणजे तोवर माझ्याकडे असलेलं काम. त्याबद्दल पुढच्या बैठकीसोबत सांगते, कारण खरा बदल तिथे झाला.

त्याआधी एक गोष्ट. अशा वर्गांमध्ये कुटुंबातल्या लोकांना एकमेकांचे पाय धुवायला लावण्याची पद्धत आहे. आमच्याकडे तो विधी अगदी शेवटच्या संध्याकाळी ठेवला होता. हा निर्णय मला अतिशय योग्य वाटला. पहिल्याच दिवशी तो केला तर डोळे भरून येतात, सगळ्यांना बरं वाटतं, आणि घरी गेल्यावर काहीच हलत नाही. आधी कामं, मग विधी, या क्रमाने तो केला तेव्हा समोर बसलेल्या माणसाचे पाय आपल्या ओळखीचे झालेले होते.

त्या संध्याकाळी फादरांनी पवित्र गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारच्या, विधीबद्दल थोडं सांगितलं. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची फेररचना केली, तेव्हा पाय धुण्याचा विधी त्या संध्याकाळच्या मिस्सामध्ये आला. २०१३ साली, निवडून आल्यानंतर काही दिवसांतच, पोप फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात गेले आणि तिथल्या बारा मुलामुलींचे पाय त्यांनी धुतले. त्यात मुली होत्या, मुस्लीमही होते. तोवर नियमाप्रमाणे हा विधी फक्त पुरुषांसाठी होता. जानेवारी २०१६मध्ये तो नियम बदलला. फादरांनी हे सांगितल्यावर लेकीने मला हळूच विचारलं, “म्हणजे चर्चलासुद्धा शिकायला वेळ लागला?” मी म्हटलं, हो, लागला. मला तिचा प्रश्न आवडला आणि फादरांनी ही माहिती लपवून न ठेवता सांगितली, हेही आवडलं.

दुसरी बैठक बार्तीमयावर होती, मार्कचा १०वा अध्याय. यरिहोच्या रस्त्यावर बसलेला आंधळा भिकारी. लोक त्याला गप्प बसायला सांगतात. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? आंधळ्या माणसाला हे विचारायची गरज काय, असं कुणालाही वाटेल. उत्तर तर समोर दिसतंय. तरी येशू विचारतो आणि उत्तर त्या माणसाच्या तोंडून येऊ देतो.

गृहपाठ असा की घरातल्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचा. उत्तर मिळाल्यावर वाद घालायचा नाही, कारणं सांगायची नाहीत, ‘पण मी तर आधीच करतो’ म्हणायचं नाही. ऐकायचं आणि जमेल तेवढं करायचं.

नवऱ्याने बाबांना विचारलं. तोवर तो त्यांचं आवरणं अगदी झपाट्याने करत होता. शर्ट चढवला, सगळी बटणं पटापट लावली, केस विंचरले, झालं. पार्किन्सन्समध्ये बोटं साथ देत नाहीत, बटण लावायला फार वेळ लागतो, म्हणून आपण लावून देणं म्हणजेच प्रेम, असं कुणालाही वाटेल. पार्किन्सन्समध्ये आवाजही बारीक होतो आणि उत्तर यायला वेळ लागतो. नवरा थांबला. मग बाबा म्हणाले, “वरची दोन तू लाव. बाकीची मला लावू दे. आणि असा डोक्यावर उभा राहू नकोस, बस.”

नवरा त्या दिवसापासून बसतो. बाबा खालची बटणं स्वतः लावतात. कधी पंधरा मिनिटं लागतात, कधी जास्त, औषधाचा परिणाम कितपत आहे त्यावर असतं. नवरा त्यासाठी आता लवकर उठतो. दोघं त्या वेळात फारसं बोलत नाहीत. पण बाबा दिवसाची सुरुवात स्वतःच्या हातांनी करतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखणं अवघड झालेलं असलं तरी दुपारी त्यांच्या सुरात फरक असतो. डॉक्टरही सांगतात की जे माणसाला जमतंय ते त्याला करू द्यावं, सगळं हातातून काढून घेतलं तर जमणारंही सुटत जातं. ही गोष्ट आम्हाला वैद्यकीय सल्ला म्हणून माहीत होती. पण घरात ती रुजली बार्तीमयामुळे. येशूने समोरच्याच्या दुःखावर आपलं उत्तर लादलं नाही, आधी त्याचं ऐकलं, आणि घरातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने हा उतारा पुन्हा पुन्हा वाचावा असं मला कळकळीने वाटतं.

मला लेकीने विचारलं. माझं उत्तर तयार होतं. बाबांच्या गोळ्या देणं मला जड नव्हतं, ते मिनिटाभराचं काम. जड होतं ते दिवसभर त्या वेळा डोक्यात बाळगणं. पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची वेळ चुकली की शरीर आखडतं, हालचाल अडते. त्यामुळे लॅबमध्ये रक्ताचे नमुने हाताळत असतानाही माझं एक लक्ष घड्याळाकडे असायचं. घरी कोण असेल, त्याला आठवेल का, पट्टी संपत आली आहे का, चिठ्ठीची मुदत कधी संपते. मी लेकीला म्हटलं, “गोळ्या द्यायला मदत नको, त्यांची आठवण तू घे.” तिने ती पूर्ण घेतली. फोनवर गजर, आठवड्याचा डबा भरणं, औषध संपायच्या आधी आणणं, परीक्षेच्या दिवसांत हे काम भावाला नीट समजावून देणं. आता मला त्यातलं काही विचारावं लागत नाही आणि ती मला काही विचारत नाही. माझ्या लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी केलेल्या प्रेमांत हे फार वर आहे.

वर्गात यावर चांगली चर्चा झाली. कामात मदत करणारी माणसं घरोघरी सापडतात. कामाची काळजी उचलणारी कमी. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असं पौल सांगतो, त्या ओझ्यात ही न दिसणारी काळजी धरली पाहिजे, असं आमच्या गटातल्या एका आजोबांनी मांडलं. त्यांची पत्नी बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती.

आता पुस्तिकेतल्या तक्त्याबद्दल. प्रत्येकाने रोज केलेल्या सेवेसमोर खूण करायची असा एक तक्ता शेवटच्या पानांवर आहे. माझा सल्ला, तो वापरू नका. आमच्याकडे तो फ्रिजवर लागला आणि दोन दिवसांत मुलं एकमेकांच्या खुणा मोजायला लागली. पहिल्या करिंथकरांसच्या १३व्या अध्यायात प्रीती स्वतःचा फायदा पाहत नाही आणि वाईटाचा हिशेब ठेवत नाही असं म्हटलं आहे. मला वाटतं, चांगल्याचाही हिशेब ठेवला की गोडवा जातो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हा मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला उपदेश वर्गात शिकवायचा आणि घरी खुणांचा तक्ता लावायचा, हे जुळत नाही. आमच्या गटात कुणीतरी पर्याय सुचवला. स्वतः केलेलं लिहायचं नाही, दुसऱ्याने केलेलं आपल्याला काय दिसलं ते रात्रीच्या प्रार्थनेत एका वाक्यात सांगायचं. हे आमच्या घरात टिकलं. मुलगा एकदा म्हणाला, “बाबांनी आज मला पंखा लावायला सांगितलं नाही, मी झोपलो होतो म्हणून.” आजोबाही घरात सेवा करतात, हे त्याच्यामुळे आम्हा सगळ्यांच्या नजरेत आलं. जे माणूस खुर्चीतून उठू शकत नाही त्यालाही प्रेम करता येतं, आणि ते पाहणारं कुणीतरी घरात असावं लागतं.

येशू ज्यांच्या घरी आला त्या मार्था आणि मरीया या बहिणींची बैठक मात्र सपक झाली. काम करणारी मार्था चूक आणि येशूच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया बरोबर, एवढ्यावरच ती आटोपली. लूकच्या १०व्या अध्यायात येशू मार्थेला काम केल्याबद्दल बोलत नाही, ती पुष्कळ गोष्टींची काळजी करून त्रासली आहे याबद्दल बोलतो. योहानाच्या ११व्या अध्यायात हीच मार्था गावाबाहेर येशूला गाठते आणि तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस, अशी कबुली देते. आणि १२व्या अध्यायात, बेथानीतल्या भोजनाच्या वेळी, ती पुन्हा वाढतच असते, तिथे तिला कुणी काही म्हणत नाही. हे तीनही उतारे शेजारी ठेवले असते तर घरातल्या मार्थांना मान खाली घालून बसावं लागलं नसतं. मी गटात हे बोलले, आणि पुढच्या वेळी ते उतारे पुस्तिकेत घालावेत असं अभिप्रायातही लिहिलं.

मार्कच्या सातव्या अध्यायावरची बैठक धाडसी होती. आईवडिलांना जे द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे खडसावलं आहे. चर्चने भरवलेल्या वर्गात चर्चच्याच कामाच्या आडून घर टाळणाऱ्यांबद्दल इतकं मोकळेपणाने बोललं जाईल, असं मला वाटलं नव्हतं. गायनवृंद, सभा, समित्या, भेटी, सगळं चांगलंच. पण घरी म्हातारी आई दिवसभर एकटी बसलेली असेल तर आधी तिच्याकडे जा, असं त्या जोडप्याने स्पष्ट सांगितलं. वर्गाच्या संध्याकाळी चर्चमध्ये दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवलेला नव्हता. बोलल्याप्रमाणे वागणं मला इथे दिसलं.

विश्रांतीची बैठक पुस्तिकेत शेवटाकडे आहे, ती खरं तर तिसऱ्या आठवड्यात हवी. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा येशू त्यांना एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या असं म्हणतो. दमलेल्या माणसाला अजून प्रेम कर असं तो सांगत नाही, त्याला गर्दीतून बाजूला नेतो. या बैठकीतून आमच्या गटाची एक व्यवस्था उभी राहिली आणि वर्ग संपल्यावरही ती चालू आहे. आजारी किंवा वृद्ध माणूस घरात असलेल्या कुटुंबांनी पाळी लावली. एका घरातलं कुणीतरी दुसऱ्या घरी जाऊन बसतं आणि तिथली माणसं काही तास मोकळी होतात. त्यासाठी प्रत्येक घराने एक कागद तयार केला. औषधांच्या वेळा, कुठल्या हालचालीला आधार लागतो, कशाची भीती वाटते, काय आवडतं, डॉक्टरांचा नंबर. बाबांच्या कागदावर सगळ्यात वर लिहिलंय, ‘उत्तरासाठी थांबा, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.’ अनोळखी माणसाला हे माहीत असलं तर बाबांचा दिवस चांगला जातो. फक्त या पाळीसाठीसुद्धा हा वर्ग करावा.

संत तेरेजाची गोष्ट एका बैठकीत ओघात आली. फ्रान्सच्या लिझ्यूमधल्या मठात राहिलेली ही तरुणी १८९७ साली वयाच्या २४व्या वर्षी वारली आणि शंभर वर्षांनी, १९९७ साली, चर्चने तिला आचार्यपद, म्हणजे जिच्या शिकवणीला चर्च विशेष मान देतं अशा संताचा दर्जा, दिलं. तिच्या मठात एक वृद्ध, आजारी, चटकन नाराज होणारी सिस्टर होती. संध्याकाळी तिला हाताला धरून जेवणघरात न्यायचं काम तेरेजाने मागून घेतलं. जरा वेगात नेलं तरी तक्रार, जरा सावकाश नेलं तरी तक्रार. तेरेजाने तिला बसवलं की तिच्या बाह्या कशा दुमडायच्या हेसुद्धा शिकून घेतलं होतं. पुढे तिच्या ध्यानात आलं की त्या सिस्टरला पाव कापताना त्रास होतो, तेव्हापासून तीही गोष्ट करून दिल्याशिवाय ती उठत नसे. ज्यांच्या घरी आजारी आणि चिडचिड्या झालेल्या माणसाचं करावं लागतं त्यांना ही बाई आपली वाटेल. अशी माणसं अजून दोन-चार सांगायला हवी होती. लग्न झालेली, मुलंबाळं असलेली, नोकरी करणारी.

आता तक्रार. क्षमेची बैठक मत्तयाच्या १८व्या अध्यायावर होती. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूचं उत्तर प्रसिद्ध आहे, सात वेळा नाही, सत्तर वेळा सात. त्या संध्याकाळी बोलणं सहन करण्यावर, सोसण्यावर, प्रेमाने जिंकण्यावर झालं. मग मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं की घरात मारहाण होत असेल तर क्षमा म्हणजे काय करायचं. उत्तर गुळमुळीत मिळालं. प्रार्थना करा, संयम ठेवा, देव मनं बदलतो. त्यापुढे काही नाही. मी त्या रात्री झोपू शकले नाही.

क्षमेच्या या वचनांच्या थोडंच आधी, त्याच अध्यायात, पंधराव्यापासून सतराव्या वचनापर्यंत येशूने दुसरंही काही सांगितलं आहे. कुणी अपराध केला तर त्याला तोंडावर दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घेऊन जा. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे गप्प बसणं त्यात कुठेच नाही, आणि एकट्याने सोसत राहणं तर नाहीच. योहानाच्या १८व्या अध्यायात शिपाई येशूच्या तोंडात मारतो तेव्हा येशू विचारतो, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथचे लोक त्याला कड्यावरून लोटायला नेतात तेव्हा तो त्यांच्यामधून निघून जातो. ख्रिस्ताप्रमाणे वागायचं तर हेही ख्रिस्तानेच केलं आहे. ज्या घरात भीती आहे तिथे पहिली सेवा म्हणजे त्या माणसाला सुरक्षित जागी नेणं, पोलिसांपर्यंत, डॉक्टरांपर्यंत, विश्वासातल्या माणसापर्यंत त्याच्यासोबत जाणं. क्षमा हा नंतरचा आणि फार आतला प्रवास आहे, आणि त्यासाठी त्याच घरात राहायची सक्ती कुणी करू नये.

मी आणि गटातल्या आणखी दोघींनी हे आयोजकांना लिहून दिलं. त्या बाईंना ताईंपैकी एक जण नंतर वेगळं भेटली, एवढं मला माहीत आहे. पुस्तिकेत त्या बैठकीचं पान बदलू असं आयोजकांनी आम्हाला सांगितलं आहे. नवी पुस्तिका मी अजून पाहिलेली नाही. त्यामुळे तुम्ही नाव नोंदवताना हा प्रश्न आधीच विचारा : घरात हिंसा असेल तर हा वर्ग काय सांगतो आणि कुणाकडे पाठवतो? याचं सरळ उत्तर मिळत नसेल आणि तुमच्या घरात तशी परिस्थिती असेल, तर त्या वर्गाला जाऊ नका, आधी मदत घ्या.

ज्या घरांत माणसं एकमेकांवर जीव लावून आहेत पण कामाचा भार एका बाजूला झुकलाय, तिथे हा वर्ग फार उपयोगी आहे. आजारी किंवा वृद्ध माणूस घरात असेल तर अधिकच. वाढत्या वयाच्या मुलांना जरूर न्या, ती सुरुवातीला कंटाळतात, गृहपाठ हाती आला की रमतात. अगदी लहान मूल असेल तर त्याची संध्याकाळची सोय घरीच करा. आजारी माणसाला आणायचं असेल तर खुर्ची, पायऱ्या आणि स्वच्छतागृह आधी पाहून या, आमच्या सभागृहात एका पायरीसाठी दर वेळी दोघांना बाबांना धरावं लागायचं. आणि फॉर्मवर नावं लिहिताना घरात ज्याचं सगळ्यात जास्त होतं त्याचं नाव पहिलं लिहा, फॉर्मही त्यालाच भरू द्या.